तपासणी नसलेल्या दिवशी

आज पदवी घेणाऱ्या परिचर्या, समाजकार्य आणि व्यवसायोपचार शाखांच्या विद्यार्थ्यांनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. मागच्या रांगांत बसलेल्या तुमच्या आईवडिलांचंही. रात्रपाळी करून येणाऱ्या लेकीसाठी ज्यांनी ताट झाकून ठेवलं, त्यांचा या पदवीत मोठा वाटा आहे.

मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजीकेंद्रांत कशी देखभाल होते, आणि ती चांगली आहे की नाही हे कुणी, कसं ठरवायचं?

हा विषय तुमच्या वाटेला येणारच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे. आई गॅस चालू ठेवून विसरते, मध्यरात्री दार उघडून निघून जाते. घरच्यांची झोप आणि नोकरी दोन्ही पणाला लागतात आणि एक दिवस मुलगी जड मनानं केंद्र शोधायला निघते. तिला चकचकीत फरशी दिसते, बाग दिसते, भिंतीवरचा नाश्त्याचा तक्ता दिसतो. रात्री दोन वाजता आई घाबरून उठून बसली तर जवळ कोण येईल आणि कोणत्या आवाजात बोलेल, हे मात्र दिसत नाही.

आईही ते सांगू शकत नाही. सकाळी झालेला अपमान तिला दुपारी आठवत नाही, पण त्यानं आलेली अस्वस्थता मनात तशीच राहते. ज्याला स्वतःची तक्रार मांडता येत नाही, त्याच्या वतीनं बाहेरच्या कुणीतरी पाहायलाच हवं. मानांकनाची गरज इथूनच निर्माण होते.

पण मानांकन म्हणजे भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र नव्हे. ऑस्ट्रेलिया हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकला. ॲडलेड शहरात ओकडन नावाचं सरकारी केंद्र होतं. तीव्र स्मृतिभ्रंश आणि मानसिक आजार असलेले वृद्ध तिथे राहत. २०१६च्या मानांकन तपासणीत ते सर्वच्या सर्व ४४ निकषांवर उत्तीर्ण झालं. त्याच वर्षी तिथल्या एका रहिवाशाला लिहून दिलेल्या मात्रेच्या दहापट औषध दिलं गेलं होतं, आणि त्याच्या अंगावर कसे पडले हे कुणी सांगू न शकलेले वळ होते. घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. राज्याच्या मुख्य मानसोपचारतज्ज्ञांनी चौकशी केली, २०१७ साली त्यांचा अहवाल आला आणि केंद्र बंद करावं लागलं. त्यानंतर पूर्वसूचना देऊन होणाऱ्या फेरतपासण्या थांबल्या आणि तपासनीस न सांगता येऊ लागले. २०१८ साली देशभरातल्या वृद्धसेवेच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं.

ज्या तपासणीची तारीख आधी कळते, तिच्यात नोंदवह्या पूर्ण असतात, चादरी नव्या असतात, माणसंही जास्त असतात. माणसाचं आयुष्य मात्र उरलेल्या सगळ्या दिवसांत घडतं. तिथवर पोहोचणारं मानांकनच खरं.

मग तपासायचं काय? ऑस्ट्रेलियानं २०१९ पासून प्रत्येक केंद्राला तीन गोष्टींची आकडेवारी देणं बंधनकारक केलं: बेडसोर, बांधून ठेवण्याचे प्रसंग आणि नकळत घटलेलं वजन. पुढे पडण्याचे प्रसंग आणि औषधंही या यादीत आली. यांतला प्रत्येक आकडा बोलका आहे. एखाद्या आजींचं वजन महिन्याभरात तीन किलोनं घटलं, तर कदाचित त्यांना कुणी वेळ देऊन भरवलेलं नाही, किंवा त्यांचा दात दुखतोय आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

दुसरी पद्धत ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या टॉम किटवुड यांनी विकसित केली. निरीक्षक दिवाणखान्यात तासन्‌तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी नोंदवतो: हा माणूस आत्ता काय करतोय, खुशीत आहे की खिन्न? त्याच्याशी कुणी बोललं का? की त्याच्या डोक्यावरून दोघांनी आपापसात गप्पा मारल्या? किटवुड यांचं म्हणणं स्पष्ट होतं: मेंदूतल्या बिघाडाइतकंच भोवतालच्या माणसांचं वागणंही रुग्णाची अवस्था ठरवतं.

संध्याकाळी पाच वाजता एक आजी दाराशी येऊन म्हणतात, ‘मला घरी जायचंय.’ एक कर्मचारी सांगतो, ‘हेच तुमचं घर, बसा गुपचूप.’ आजी चिडतात, ओरडतात, आणि रात्री त्यांना शांत ठेवणारी गोळी वाढते. दुसरी मावशी विचारते, ‘घरी कोण वाट बघतंय, आजी?’ आजी सांगतात, मुलं शाळेतून यायची वेळ झाली. मावशी त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवते आणि दोघी मिळून निवडायला बसतात. आजार तोच, इमारतही तीच. फरक पडला तो मावशीच्या शहाणपणानं.

त्या गोळीबद्दलही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये सुबे बॅनर्जी यांनी २००९ साली सरकारला दिलेल्या अहवालात अंदाज मांडला होता: स्मृतिभ्रंश असलेल्या १,८०,००० लोकांना वर्षभरात मनोविकारविरोधी औषधं दिली जात होती, फायदा मात्र ३६,००० जणांनाच होत असावा. या औषधांमुळे वर्षाला १,८०० जादा मृत्यू होत असावेत. म्हणून वेदना, बद्धकोष्ठता, संसर्ग, भीती ही कारणं आधी शोधा. गोळी त्यानंतर.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम असावा असं सांगतो. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. आपली मानांकन व्यवस्था अजून घडायची आहे. ती घडवणाऱ्या टेबलाभोवती तुम्ही असायला हवं. तिथे आग्रह धरा: तपासणी न सांगता व्हावी, रात्रीही व्हावी. नातेवाइकांना आणि मावशींना एकांतात विचारलं जावं. मावशींचं प्रशिक्षण आणि पगार हेही निकष असावेत, कारण दर दोन महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या केंद्रात आजींची सवय कुणालाच ठाऊक नसते. आणि केंद्रांचे निकाल सर्वांना पाहायला मिळावेत.

पण कायद्याची वाट पाहू नका. उद्या तुमच्या हातात नोंदवही येईल. ‘दर दोन तासांनी कूस बदलली’ या रकान्यात बदलली नसताना बरोबरची खूण करू नका. माणसं कमी होती म्हणून राहून गेलं असेल, तर तसंच लिहा आणि वरिष्ठांना सांगा. ते रागावतील, कदाचित नोकरीही अवघड होईल. तरीही लिहा. खोट्या खुणांवर उभं राहिलेलं मानांकन रुग्णाचा शेवटचा आधारही काढून घेतं. खऱ्या नोंदीत उणीव दिसते, आणि दिसलेली उणीव भरून काढता येते.

पदवीधरांनो, तुमची काळजी ज्यांना उद्या आठवणारही नाही, अशा माणसांची सेवा तुम्हाला करायची आहे. ती पूर्ण करा, आणि तिची नोंद खरी करा.