कुटुंबाच्या नोंदी जोडण्याचा खर्च

मध्य प्रदेशात कुटुंबाला आठ अंकी आणि त्यातल्या प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी समग्र क्रमांक मिळतो. रेशन, शिष्यवृत्ती, सामाजिक सुरक्षा पेन्शन, कन्या विवाह साहाय्य अशा अनेक योजनांचे अर्ज या क्रमांकावरून तपासले जातात. एकाच कुटुंबाची तीच ती माहिती प्रत्येक खात्याने पुन्हा गोळा करू नये, हा त्यामागचा विचार. तो रास्तच आहे. मात्र अशा जोडणीचा खरा खर्च किती आणि तो कोणाच्या पदरी पडतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

यंत्रे, जाळे आणि सॉफ्टवेअर यांचा खर्च सहज मोजता येतो. जुन्या नोंदी नव्या साच्यात आणण्याचा खर्च त्याहून मोठा भार ठरू शकतो. न्यायालयांचेच उदाहरण घ्या: केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी चार वर्षांकरिता ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांतले २,०३८ कोटींहून अधिक, म्हणजे चौथ्या हिश्शापेक्षा जास्त, केवळ खटल्यांच्या कागदपत्रांचे स्कॅनिंग, डिजिटल रूपांतर आणि जतन यांसाठी आहेत. ज्या शहरात राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे, त्या जबलपुरात तरी या आकड्याचे आश्चर्य वाटू नये. दस्तऐवजांचे गठ्ठे सोडून, पाने लावून, नावे टिपण्याचे काम शेवटी माणसांनाच करावे लागते.

तिसरा खर्च जुळणीचा, आणि तो सर्वांत कमी दिसतो. मध्य प्रदेशातल्या लाडली बहना योजनेचा पहिला हप्ता १० जून २०२३ रोजी जबलपुरातून वितरित झाला. सुमारे सव्वा कोटी महिलांना प्रत्येकी १,००० रुपये मिळाले. अर्ज भरणे सुरू झाले होते त्याच वर्षीच्या २५ मार्चला. त्यासाठी समग्र क्रमांकाची आधारशी ई-केवायसी हवी होती, बँक खातेही आधारशी जोडलेले हवे होते. ई-केवायसी महिलांना मोफत होती, कियोस्कचालकाला सरकार प्रत्येकी १५ रुपये देणार होते. सरकारी हिशेबात जुळणी एवढ्यात आटोपते. पण आधारवर आडनाव माहेरचे आणि समग्रमध्ये सासरचे असेल, किंवा जन्मतारखांत फरक असेल, तर जुळणी अडते. मग आधार केंद्र, ग्रामपंचायत किंवा वॉर्ड कार्यालय आणि बँक अशा फेऱ्या सुरू होतात. दर फेरीला रोजंदारी बुडते, भाडे लागते, घरातल्या लहानग्याला कोणाच्या तरी हवाली करावे लागते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो, तो त्या बाईच्याच डोक्यावर बसतो.

कुटुंब ही बदलणारी गोष्ट आहे, ही यातली मूळ अडचण. मुलगी लग्न होऊन जाते, भाऊ वेगळे राहू लागतात, नवरा सोडून जातो. नोंद मात्र कोणी बदलेपर्यंत तशीच राहते. महाराष्ट्रात २०२५ मध्ये हे ठळकपणे दिसले. लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये घेणाऱ्या महिलांना ई-केवायसी करताना स्वतःबरोबर पतीचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक देणे भाग पडले. विधवा, घटस्फोटित आणि वडील नसलेल्या अविवाहित महिला त्या चौकटीत बसेनात. अखेर मृत्यू दाखला किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. जन्ममृत्यूची नोंद सरकारकडे होती, घटस्फोटाचा हुकूम न्यायालयाकडे होता. तरीही ते कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात नेण्याचे काम सर्वांत गरजू बाईकडे आणि मानधनावर राबणाऱ्या सेविकेकडे आले. याला जोडणी म्हणता येणार नाही.

गोपनीयतेचीही किंमत असते. कौटुंबिक न्यायालयातला वाद, दत्तकविधान, छळाची तक्रार ही माहिती हप्ता मंजूर करणाऱ्या कारकुनाच्या पडद्यावर यायचे कारण नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. ‘विवाह संपुष्टात आला’ एवढे एक उत्तर पुरत असताना आख्खी फाइल खुली करणे अनाठायी ठरते. कोणी काय पाहिले याची नोंद ठेवणे आणि पाहण्याचे अधिकार आखून देणे यांना पैसा लागतो. हा पैसा वाचवण्यासारखा नाही.

म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीचे स्वतंत्र शीर्ष असले पाहिजे: चूक एकाच ठिकाणी सांगता यावी, ती इतर खात्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी कार्यालयाची असावी, आणि सेविकेला त्या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत कोणाचाही हप्ता थांबवू नये. अधिकाऱ्यांनी, वकिलांनी आणि समाजकार्यकर्त्यांनी ही मागणी आपापल्या राज्य सरकारांपुढे लेखी मांडावी.