बर्फाखालच्या माणसाचा शोध

गुलमर्गजवळच्या अफरवत पर्वतावर स्कीइंगला जाणारे जाणकार अंगावर एक छोटं यंत्र बांधतात, ट्रान्सीव्हर. ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवतं. हिमस्खलनात कुणी गाडलं गेलं, की वाचलेल्या सगळ्यांनी आपापली यंत्रं शोधाच्या स्थितीत आणायची. पडद्यावरचा बाण दिशा दाखवतो, आकडा अंतर. आकडा तीन मीटरच्या आत आला, की यंत्र बर्फालगत धरायचं आणि न वळवता सावकाश उभं-आडवं सरकवायचं. सर्वांत लहान आकडा मिळेल तिथे लांब सळई खुपसायची. माणूस लागला, की सळई तशीच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने फावड्याने खणायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं जीव वाचवणारी असतात. बचावपथक पोहोचेपर्यंत ती निघून जातात. म्हणून प्रत्येकाने हा सराव आधीच करायला हवा.