कथेचे सगळे पाठ सांभाळा

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

माझं आयुष्य लोककथा गोळा करण्यात गेलं. बोलायचं तर मी त्यांच्याविषयीच बोलणार.

कृष्णानं रुक्मिणीला अंबादेवीच्या देवळातून नेलं, हे अमरावतीत पोरासोरांनाही ठाऊक असतं. वर्धेच्या काठी कौंडण्यपूरला जा. तिथल्या अंबिकेच्या देवळापाशी मला एका आजींनी सांगितलं, "इथूनच नेली माय तिले." दोन्ही ठिकाणांत चाळीसेक किलोमीटरचं अंतर. भागवतात देऊळ एकच, नगराबाहेरचं. मग लोकांनी मधे भुयार आणलं; त्या भुयारानं रुक्मिणी पूजेला अमरावतीला येई म्हणतात. या भुयाराचं मला फार मोल वाटतं. आपलं खरं, तुमचं खोटं असं म्हणत न भांडता लोकांनी दोन्ही देवळं एका कथेत बसवली.

हीच रुक्मिणी पंढरपूरच्या कथेत रुसून दिंडीरवनात येते. तिची समजूत घालायला आलेला कृष्ण पुंडलिकाच्या विटेवर उभा राहतो. आषाढीला कौंडण्यपूरहून तिच्या माहेरची पालखी आजही पंढरपूरला जाते. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं आणि पुढं लग्न जुळावं म्हणून मुली त्याची पारायणं करू लागल्या. जवळपास त्याच काळात आसामात शंकरदेवांनी रुक्मिणीहरणाचं नाटक रचलं. तिकडं सदियाजवळ कुंडिल नावाची नदी आहे, आणि रुक्मिणीचं माहेर तिथंच होतं असं मानणारे खूप आहेत. भागवतात कृष्ण रुक्मिणीच्या भावाचे, रुक्मीचे केस भादरतो, तो एका राजपुत्राचा अपमान. अरुणाचलात तीच गोष्ट इदू मिशमींच्या कापलेल्या केसांचं कारण म्हणून सांगतात. गुजरातेत माधवपूरच्या कृष्ण-रुक्मिणी विवाहाच्या जत्रेला 2018पासून ईशान्येकडची पथकं माहेरची म्हणून येतात. आनंद आहे. पण मिशमींच्या इगू पुरोहितांच्या गाण्यांतून त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा येते. जत्रेच्या झगमगाटात ती मागं पडू नये, एवढंच मागणं.

अकोटहून पोपटखेडच्या रस्त्यानं सातपुड्यात शिरलं की कोरकूंची वस्ती लागते. तरुणपणी तिथं एका म्हाताऱ्या भूमकानं, म्हणजे कोरकू पुजाऱ्यानं, शेकोटीपाशी मला ही कथा सांगितली. सातपुडा ओसाड होता. रावणाला ते बघवेना. त्यानं महादेवाला विनवलं, इथं माणसं वसव. महादेवानं लाल मातीचे स्त्री-पुरुष घडवले, तर इंद्राच्या घोड्यांनी ते तुडवले. पुन्हा घडवले, पुन्हा तुडवले. शेवटी महादेवानं आधी कुत्रा घडवून राखणीला बसवला आणि मग मुला-मुलई हे कोरकूंचे पूर्वज उभे राहिले.

रसेल आणि हिरालाल यांच्या 1916च्या ग्रंथात ही कथा आहे. कोरकू ही मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा. आणि तिकडं झारखंडात मुंडा, संथाळ यांच्या कथेतही मातीची माणसं घोडा तुडवतो, फक्त तिथं तो सूर्याचा असतो. सैबेरियातल्या कथेत घोडा नाही. तिथं राखणीचा कुत्रा आहे आणि सैतान अंगावर केस देण्याच्या लालचीनं त्याला फितवतो. एवढा प्रवास करून आलेल्या कथेला कोरकूंनी आपला डोंगर दिला, महादेव दिला, रावण दिला. त्यांचा रावण माणसांसाठी रदबदली करणारा आहे.

हे मी लिहून एका विद्यापीठाला प्रबंध म्हणून दिलं, तेव्हा परीक्षकांनी रावणाच्या परिच्छेदावर लाल रेघ ओढली. 'अप्रमाण', एवढाच शेरा. पुढं एका संपादकांनी तीच कथा छापताना रावणाच्या जागी 'एक शिवभक्त' घातला. भूमकाचं नाव वगळलं, माझं मात्र ठळक छापलं. या गोष्टीची चीड मला आजही येते. आमच्या क्षेत्रात असं सर्रास चालतं. सांगणारा 'एक वृद्ध आदिवासी' होतो, लिहिणारा तज्ज्ञ होतो, आणि पुस्तकाशी न जुळणारं वाक्य प्रमाद ठरतं.

खरं तर वऱ्हाडात याहून चांगली रीत सातशे वर्षांपूर्वी होती. रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी एकेका शिष्याला विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढं मूळ पोथी धाडीत गेली, ती शिष्यांनी स्मरणातून पुन्हा उभी केली. ज्याची आठवण वेगळी, त्याची 'वासना' त्याच्या नावानं नोंदली. श्रद्धेचा ग्रंथ, साक्षात स्वामींचं चरित्र, तरी पाठभेद पुसावा असं त्यांना वाटलं नाही. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. ही रीत तिथून सगळ्या विद्यापीठांत जावी, अशी माझी फार इच्छा आहे.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. एका कथेला खरी म्हणून तिच्या बहिणींना मारू नका. 1987 साली दूरदर्शनवर रामायण लागलं आणि पुढं मी डोंगरात गेलो, तेव्हा पोरं मला पडद्यावरचाच रावण सांगू लागली. आता तर प्रत्येक खिशात पडदा आहे. कथा बदलतात, बदलू द्या. त्यांचा तोच धर्म आहे. बदल सक्तीनं थांबवणं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच पाठ घालणं, हे मात्र कथेला संपवणं आहे.

तुमच्यातले कित्येक जण उद्या धारणीत, तेल्हाऱ्यात, तिवशात शिक्षक व्हाल. वर्गात 'खरी कथा कोणती?' असं विचारू नका, 'तुझ्या घरी कशी सांगतात?' असं विचारा. जे ऐकाल ते सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घालून लिहा. न पटलेलं वाक्यही जसंच्या तसं ठेवा. आणि एखाद्या कोरकू पोरानं उत्तरपत्रिकेत आपला रावण लिहिला, तर त्याला पूर्ण गुण द्या.