जबाब कोणाच्या घरी जातो?



माझी शाळा नववीला सुटली. पुढचे शिक्षण जिनाच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. म्हणून विषय लहानच घेतला आहे : आपण लिहिलेला जबाब कोणाच्या घरी जातो?

टपालात जबाबी कार्ड मिळे, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दोन कार्डे जोडलेली. दुसऱ्यावर पाठविणाऱ्याने आपला पत्ता आधीच घालून द्यायचा. उत्तर देणाऱ्याला पत्त्याची काळजी नसे. इ-मेलच्या १९८२ सालच्या नियमांतही जबाबाचा पत्ता सांगणारी एक ओळ आहे. चर्चामंडळाच्या चालकाने तिथे मंडळाचा पत्ता घातला, की एकाला लिहिलेले सर्वांना जाते. न घातला, तर सर्वांसाठी लिहिलेले एकापाशीच राहते. यावर जाणती माणसे वर्षानुवर्षे भांडली. मला त्याचे हसू येई.

आमच्या युनियनचे निरोप मी व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रसारण-यादीने पाठवीत असे. तिच्यात जबाब एकट्या माझ्याकडे येई. पुढे अमरावती-अकोल्याच्या सभासदांचा गट केला. गटात जबाब सर्वांना दिसतो, हे मात्र मी कोणाला बजावून सांगितले नाही. एका रात्री विचारले, ओव्हरटाइमचे पैसे पुरे मिळाले का? एका बाईने सवयीप्रमाणे लिहिले : किती कापले आणि कोणत्या मुकादमाने. मुकादमाचा भाचा गटात होता. सकाळी तिला फाटकावरूनच परत पाठविले.

“मले वाटलं, तुमालेच लिवलं,” ती म्हणाली. तिला परत कामावर घेववायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांची मजुरी बुडाली ती तिची. चूक माझी होती.

मग मी घाबरून दुसरे टोक गाठले. फक्त चालकानेच लिहावे, अशी सोय तिथे २०१८ पासून आहे, ती लावली. गट शांत झाला. मी त्याला शिस्त समजलो. महिन्याने एक म्हातारे हमाल भेटले. म्हणाले, “भाऊ, तुम्ही तं आमचं तोंडच बांधलं!” खरेच होते. फाटकसभेत एकाने विचारले म्हणजे दहांना धीर येतो. तो धीरच मी बंद केला होता.

आपल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. पीक विमा कर्जदाराला २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक झाला. पण नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवायचे. गप्प राहिला, तर हप्ता खात्यातून जायचा. गप्प बसणाऱ्याचे उत्तर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते.

दोन्ही चुका सारख्या नाहीत. सर्वांची गोष्ट एकापाशी अडकली, तर उद्या पुन्हा सांगता येते. एकाची गोष्ट सर्वांत गेली, तर ती पुसता येईल. वाचलेले परत घेता येत नाही. म्हणून आता पैशाची आणि तक्रारीची विचारपूस प्रसारण-यादीनेच होते. वाद, सूचना, सभेची वेळ गटात. हे फाटकावर तीन वेळा सांगितले, मते घेतली, मग बदलले. तरी लोक चुकतातच. बोटाची सवय ठरावाने जात नाही.

ती बाई अजून कुठेच लिहीत नाही. रविवारी कार्यालयात येते, आधी दार लोटून घेते आणि मग बोलते.