जुन्या अवजारांचा जीर्णोद्धार

(खंडेनवमीनिमित्त तालुक्याच्या गावी भरलेल्या जुन्या शेतीअवजारांच्या प्रदर्शनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आश्विन शुद्ध नवमी. ज्या साधनांवर आपला चरितार्थ चालतो ती स्वच्छ करावी, त्यांना हळदकुंकू वाहावे आणि एक दिवस त्यांना विश्रांती द्यावी, असा आजच्या दिवसाचा परिपाठ आहे. आता अनेक घरी झेंडूची माळ ट्रॅक्टरला पडते, आणि त्यात खेद मानण्याचे कारण नाही. बैलांच्या मागे दिवसभर तास घालीत पायपीट करणाऱ्या माणसाचे कष्ट ज्याने कमी केले, त्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण ज्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली, ती अवजारे आज कोठे आहेत? काही गोठ्यामागे उन्हापावसात पडली आहेत, काही चुलीत गेली आहेत, आणि ज्यांना लोखंड होते ती भंगाराच्या काट्यावर किलोच्या भावाने तोलली गेली आहेत.

अलीकडे मात्र एक समाधानाची गोष्ट दिसू लागली आहे. घरातला जुना नांगर, तिफण, कुळव पडवीत आणावा, त्याची डागडुजी करावी, त्याला रंग द्यावा आणि तो जपून ठेवावा, असा छंद काही तरुणांना लागला आहे. या प्रदर्शनातील बरीच अवजारे अशाच घरगुती कारखान्यांतून आलेली आहेत. या मंडळींचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी एकच विचार आपल्यापुढे मांडणार आहे. जुने अवजार नव्यासारखे दिसावे एवढ्याने त्याचा जीर्णोद्धार होत नाही. ते काय काम करीत होते आणि कसे करीत होते, हे त्याच्याकडे पाहून कळत राहिले, तरच तो जीर्णोद्धार खरा.

माझ्या हातून घडलेली चूक

हे शहाणपण मला एका चुकीतून आले. आमच्या घरी वडिलांच्या हातचा एक बाभळीचा नांगर होता. मी तो हौसेने पडवीत आणला, पॉलिश पेपरने घासघासून गुळगुळीत केला, जिथे खाचखळगे दिसले तिथे लांबी भरली आणि वर झकास निळा ऑइलपेंट दिला. नांगर आरशासारखा चमकू लागला. गावातील वृद्ध सुतारकाकांना मी तो मोठ्या अभिमानाने दाखविला. त्यांनी हळसावरून सावकाश हात फिरविला आणि विचारले, “बाळ, नांगर झाला छान. पण आता जू कुठं बांधायचं?”

प्रश्नाचा अर्थ क्षणभर माझ्या ध्यानात आला नाही. हळसाच्या टोकाला ज्या खाचा होत्या, त्यांत दोर अडकवून जू बांधीत. जू कोणत्या खाचेत बांधले यावर नांगर उथळ चालणार की खोल, हे ठरत असे. त्या खाचा मी लांबी भरून बुजविल्या होत्या. रुमण्याच्या मुठीवर वडिलांच्या तळहाताने वर्षानुवर्षे आलेली झिलईही मी त्याच पॉलिश पेपरने घालविली होती. लांबी कोरून काढता आली. झिलई मात्र परत आली नाही, आणि वडील हयात नसल्याने ती पुन्हा येणारही नाही.

म्हणून जे या छंदात नव्याने पडत आहेत त्यांना माझे सांगणे असे, की पहिल्या दिवशी हातात ब्रश घेऊ नका, कागद आणि पेन्सिल घ्या. अवजाराचे चारी बाजूंनी छायाचित्र काढा, मापे टिपा, खाचा, भोके, ठिगळे आणि बांधलेल्या दोरांच्या जागा कागदावर उतरवा. फाटलेल्या दिंडावर लोखंडी पट्टी मारलेली असेल तर ती कुरूप म्हणून काढू नका. एखाद्या अवघड वर्षी नवे दिंड घेणे परवडले नाही, म्हणून लोहाराने ती मारलेली असते. तो त्या घराचा इतिहास आहे.

लाकूड

आपल्याकडील बहुतेक अवजारे बाभळीची असतात, कारण बाभळीचे लाकूड जड, चिवट आणि गावात सहज मिळणारे. अशा लाकडावर पाणी ओतून धुऊ नये. कोरड्या कुंच्याने माती झाडावी आणि फटींतील माती बांबूच्या काडीने काढावी. छिद्रांतून ताजी, मऊ भुकटी गळत असेल तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. अशा लाकडाला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाण्यातील द्रावण कुंच्याने दोनतीनदा पाजावे आणि ते सावलीत पूर्ण वाळू द्यावे. हे द्रावण मुलांच्या व जनावरांच्या तोंडी जाणार नाही याची काळजी घ्यावी. वाळवीचा मार्ग जमिनीतून येतो, म्हणून अवजार कधीही मातीवर टेकवू नये. त्याखाली दगड किंवा विटा द्याव्यात.

लाकडी अवजारांना पूर्वी सहसा रंग नसे. तेव्हा त्यांना आज ऑइलपेंट देण्यापेक्षा जवसाचे तेल पातळ हाताने चोळावे. ते लाकडात मुरते आणि वाळून कवच धरते. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम संपताच त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लोखंड आणि बीड

लोखंडी नांगराकडे वळताना एका माणसाचे स्मरण करणे उचित होईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला व यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. पुढे बेळगावी १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन बाधते अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपविताना त्यांना फार खटपट करावी लागली. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घरोघर पोहोचला. ज्याला रंगांनी हुलकावणी दिली त्याच्या हातून हे काम व्हावे, हा मोठा विलक्षण योग होय.

अशा नांगरांचे काही भाग बिडाचे ओतलेले असतात. बीड ठिसूळ असते, म्हणून गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणून घण घालू नये. तुकडा पडला की तो जोडणे गावच्या भट्टीचे काम राहत नाही. चाकीवर थोडे डिझेल किंवा रॉकेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे, सकाळी पाना लावावा, आणि न हलल्यास पुन्हा तेच करावे. चार दिवस लागले तरी हरकत नाही. मात्र तेल लावलेल्या जागी विस्तव नेऊ नये. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा. ओतीव अक्षरे आणि आकडे घासून पुसट करू नयेत, कारण अवजाराची ओळख पटविण्याचा तोच पहिला पुरावा असतो.

फाळ आणि माती उलथविणारा पंख यांना रंग देण्याचा मोह टाळावा. जमिनीत चालताना माती त्यांना स्वतःच घासून उजळीत असे, आणि रंगविलेल्या पंखाला माती चिकटते. या भागांना तेल किंवा ग्रीसचा पातळ हात पुरेसा आहे.

रंग देताना

उरलेल्या लोखंडाला रंग हवा, कारण गंजापासून रक्षण करणे हेच त्याचे मुख्य काम आहे. परंतु जुना रंग खरवडण्यापूर्वी थांबून विचार करावा. पूर्वी लोखंडाला शेंदराचा हात देण्याची पद्धत होती, आणि शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. जुन्या तैलरंगांतही शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्या देशात दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले व ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाबाबत खात्री देता येत नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भवती स्त्रियांना विशेष घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, जाळू तर मुळीच नये. पृष्ठभाग ओला ठेवून घासावे, धुळीचा योग्य मुखपट्टा लावावा, मुलांना दूर ठेवावे, पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून बंद डब्यात भरावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो तसाच राहू देणे हा सर्वांत सुरक्षित आणि बहुधा सर्वांत सुंदर मार्ग असतो.

नवा रंग द्यायचाच असेल तर प्रथम रेड ऑक्साइडचा पातळ हात द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो व पुढे पापुद्रे धरतो. पावसाळ्याच्या दमट हवेत रंग नीट बसत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. रंगाची छटा मनाने ठरवू नये. एखाद्या पट्टीखाली किंवा चाकीमागे मूळ रंगाचा ठिपका दडलेला असतो, तो शोधावा.

वस्तूबरोबर शब्दही

मित्रहो, अवजार वाचविले आणि त्याची नावे गमावली, तर अर्धेच काम झाले. तिफणीचे चाडे, नळे आणि फण, नांगराचे रुमणे, फाळ धरणारे वसू, जुवाच्या शिवळा, मोटेची सोंड, कणा, नाडा आणि थारोळे, हे शब्द आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? पश्चिम महाराष्ट्रात जो कुळव, त्याच्याच जातीचा विदर्भ-खानदेशात वखर. एकाच भागाला चार तालुक्यांत चार नावे सापडतील, आणि ती चारही खरी असतील.

ही नावे ज्यांच्या ओठांवर आहेत ती पिढी आता थकली आहे. सुतार आणि लोहार हे गावगाड्याचे बलुतेदार होते. शेतकऱ्याची अवजारे वर्षभर चालती ठेवायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात तिचे गुण आणि दोष दोन्ही परखडपणे नोंदविले. व्यवस्था गेली, तिच्यातील विषमतेसाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. पण तिच्यातील हातांचे कौशल्य विसरणे हा कृतघ्नपणा ठरेल. तेव्हा डागडुजी करताना गावातील वृद्ध सुताराला मानाने बोलवा, त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्या, त्याचे बोलणे टिपून घ्या, आणि अवजारासोबत जी चिठ्ठी लावाल तिच्यावर मालकाबरोबर ते घडविणाऱ्याचेही नाव लिहा.

घरगुती वस्तूंतून केवढे मोठे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण पुण्यात आहे. डॉ. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहताना कळते, की ज्या वस्तूला कोणी मोल देत नव्हते तीच उद्याच्या माणसाशी सर्वांत जास्त बोलते. प्रत्येक गावाला संग्रहालय काढता येणार नाही. पण शाळेची एक भिंत, ग्रामपंचायतीचा एक व्हरांडा आणि पाच अवजारे, एवढे कोणत्याही गावाला शक्य आहे.

आमचा निळा नांगर या प्रदर्शनात आहे. डाव्या बाजूच्या खांबापाशी तो आपल्याला दिसेल. रंग मी तसाच ठेवला आहे, कारण माझी चूकही आता त्याच्या इतिहासात जमा झाली आहे. लांबी कोरून खाचा मोकळ्या केल्या आहेत आणि मधल्या खाचेत सुतारकाकांनी स्वतःच्या हाताने जू बांधून दिले आहे. विद्यार्थ्यांनी तेथे थोडे थांबावे, खाचांवरून बोट फिरवावे, आणि घरी गेल्यावर आजोबांना विचारावे, की आपल्या नांगराचे जू कोणत्या खाचेत बांधीत असत. उत्तर मिळाले तर ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.