उमेद असते दुसऱ्या खर्ड्यात

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. तरीही कथा लिहू पाहणारी मुलं-मुली माझ्याकडे वह्या घेऊन येतात. तालुक्याच्या गावात असंच असतं. तिथे कवी वेगळा, कथाकार वेगळा, समीक्षक वेगळा अशी खाती नसतात. ज्याचं नाव चार वेळा छापून आलं, तो सगळ्या लिहिणाऱ्यांचा 'सर' होतो. या मुलांचे प्रश्न निरनिराळे असले तरी फिरून फिरून एकाच जागी येतात. "सर, आधी लिहायची फार हौस होती. आता वही उघडवत नाही. उमेद टिकवायची कशी?"

माझं उत्तर ऐकून ती थोडी हिरमुसतात. मी म्हणतो, उमेदीच्या मागे लागू नका. लिहिलेली कथा दुरुस्त करायला शिका. उमेद तिच्या मागोमाग येते.

पहिली कथा हौसेवर लिहून होते. आजीची, भाऊबंदकीची, नाहीतर कॉलेजातल्या प्रेमाची एक कथा प्रत्येकाजवळ असतेच. ती एका बैठकीत उतरते, मित्र वाहवा करतात. मग ती कुठेतरी पाठवली जाते आणि परत येते, किंवा काही उत्तरच येत नाही. लिहिणारा ठरवून टाकतो, आपल्यात प्रतिभा नाही. सुताराने केलेली खुर्ची डगमगली तर तो 'माझ्यात प्रतिभा नाही' म्हणून डोक्याला हात लावत नाही. कुठला पाय आखूड झाला ते वाकून बघतो. कथा लिहिणाऱ्यालाही असं वाकून बघता यायला हवं.

उर्दू शायरीत इस्लाह नावाची जुनी रीत आहे. शागीर्दाने गझल लिहायची आणि उस्तादाने ती तपासून द्यायची. कुठे शब्द बदलायचा, कुठे वजन ढळलं ते दाखवायचं, एखादा शेर सरळ काढून टाकायचा. गालिब आपल्या शागीर्दांच्या गझला टपालाने तपासत. इक्बाल तरुण असताना पंजाबातून आपल्या गझला दाग देहलवींकडे पाठवत. या रीतीत चूक निघणं हा अपमान मानत नसत. तपासायला दिलेली गझल दुरुस्त होऊनच यायची, हे धरूनच चालत.

मराठी कथेला असा उस्ताद एके काळी संपादकाच्या रूपात मिळाला होता. 'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथेत काय खटकतं ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झालं. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांचं दार नव्या कथाकाराला थोडंफार उघडं आहे. पण आज ई-मेलने आलेल्या प्रत्येक कथेला सविस्तर उत्तर देणं बहुतेक संपादकांना जमत नाही. म्हणून नव्या लेखकाला आपला उस्ताद आपणच व्हावं लागतं.

ते कसं, हे एका उदाहरणाने सांगतो. माझ्याकडे एक तरुण येतो. एसटीत कंडक्टर आहे. त्याने एक कथा आणली. पहिलं दीड पान सूर्योदय, धुकं आणि बाभळीची झाडं. मग गाडीत एक म्हातारी चढते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हातारी ऐंशीच्या पुढची दिसते, पण आधार कार्डावर वय अडुसष्ट लागलेलं. म्हणजे तिला अर्धं तिकीट काढावंच लागणार. कंडक्टरला दया येते, तो स्वतःच्या खिशातून पैसे भरतो आणि शेवटी चार ओळी येतात, माणुसकी अजून संपलेली नाही वगैरे.

मी त्याला म्हटलं, ही वही पंधरा दिवस पेटीत टाक. मग गाडी मुक्कामी असेल त्या रात्री ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखव. त्याने दाखवली. सूर्योदय चालू असताना ड्रायव्हर पेंगला आणि म्हातारी आधार कार्ड काढते तिथे उठून बसला. खिशातून पैसे भरल्यावर मात्र हसला. म्हणाला, "रोज असे पैसे भरशील तर पगार घरी काय नेशील?"

कुठलाही समीक्षक याहून वेगळं काय सांगणार होता? त्या तरुणाने दीड पान काढून टाकलं. आता कथा सुरू होते ती म्हातारीच्या पिशवीपासून. पिशवीतून प्लॅस्टिकची थैली, थैलीतून रुमाल, रुमालातून कार्ड. कंडक्टर नियमाप्रमाणे अर्धं तिकीट फाडतो, पैसे घेतो. पुढे तिचा फाटा येतो, ती उतरते आणि रस्त्याकडेची चारी ओलांडून पलीकडे जाईपर्यंत तो डबल बेल देत नाही. ड्रायव्हर आरशातून बघत राहतो. इथे कथा संपते. माणुसकी हा शब्द गेला आणि माणूस दिसायला लागला.

ही कथा त्याने दोन ठिकाणी पाठवली. एका ठिकाणाहून परत आली, दुसरीकडून अजून काही कळलेलं नाही. पण आता तो तिसरी कथा लिहितोय. मी विचारलं, कंटाळा नाही आला? म्हणाला, "नाही सर. आता कुठं बिघडतं ते मला दिसतं." दिसायला लागलं, की हात आपोआप वहीकडे जातो. ज्याला दिसत नाही त्याला नकार आला की सगळंच संपल्यासारखं वाटतं.

यातून चार-दोन साध्या गोष्टी निघतात. लिहून झाल्यावर कथा काही दिवस नजरेआड ठेवावी. मग ती मोठ्याने वाचावी, कारण डोळा जे माफ करतो ते कान माफ करत नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत. समोरचा माणूस कुठे चुळबुळतो आणि कुठे कान टवकारतो, हे ज्याने पाहिलंय त्याला पाल्हाळ म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. वाचून दाखवल्यावर "कशी वाटली?" असं विचारू नये. त्याचं उत्तर "छान" एवढंच येतं. विचारायचं ते असं: कुठे कंटाळा आला? कोण बोलतंय ते कुठे कळेना? काय खोटं वाटलं? असं खरं सांगणारी दोन माणसं मिळाली तरी पुष्कळ झाली. ती साहित्यिक असायची गरज नाही.

दुसरी गोष्ट वाचनाची. नवे लेखक वाचतात, पण वाचकासारखं वाचतात. आवडती कथा एकदा आनंदासाठी वाचावी आणि नंतर पुन्हा, घड्याळजी घड्याळ उघडतो तशी. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. धनगरांची ती छोटी वस्ती आपल्याला इतकी ओळखीची का होते? कारण कथा सांगणारा तरुण मास्तर तिथे नवखा आहे. त्याला जसजशी माणसं कळतात, तसतशी आपल्यालाही कळतात. लेखकाला गावाची माहिती वेगळी द्यावीच लागत नाही. बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. त्या नावाच्या कथेत लेखकाने गुपित शीर्षकातच फोडलंय. म्हणून तिथे कुणी आपुलकीने वागलं, तरी आपल्या पोटात गोळा येतो. पुढे हे कळलं तर काय? गुपित शेवटपर्यंत झाकून ठेवलं असतं तर फक्त एक धक्का बसला असता. असं एखादं पान आपल्या हाताने उतरवून काढावं. वाक्य कुठे तुटतं, संवाद कुठे थांबतो, ते बोटांना कळतं.

तिसरी तक्रार वेळेची. माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी करत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. राजिंदरसिंह बेदी लाहोरच्या पोस्टात कारकून होते, चेखॉव डॉक्टर होता. मोकळा वेळ कुणालाच नव्हता. रोज अर्धा तास पुरतो, पण तो ठरलेला असावा आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. हेमिंग्वे पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचं लिखाण थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची धास्ती नको. आणि आपली चाल दुसऱ्याशी ताडून बघू नये. मंटो झपाट्याने लिहीत. बेदी कथेवर फार वेळ घालवत. मंटोंनी त्यांना एकदा बोलून दाखवल्याचं सांगतात, की तुम्ही लिहिण्याआधी विचार करता, लिहिताना करता आणि लिहून झाल्यावरही करता. दोघांच्याही कथा टिकल्या.

आता थोडं अवघड बोलतो. पुष्कळ मुलं, विशेषतः मुली, नकारामुळे थांबत नाहीत. घरामुळे थांबतात. "घरातलं बाहेर कशाला नेतेस?" या एका वाक्याने किती वह्या बंद झाल्या असतील! आमच्या मोहल्ल्यात हे वाक्य जास्त ऐकू येतं, कारण बाहेरचे लोक त्याचा काय अर्थ काढतील ही धास्तीही त्यात असते. मग मुलगी शीरखुर्मा, ईदची गळाभेट आणि शेजारच्या हिंदू मावशी यांची गोड कथा लिहिते. ती कुणाला दुखवत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

हमीद दलवाईंना लोक समाजसुधारक म्हणून ओळखतात. ते आधी कथाकार होते. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रह १९६१ सालचा, 'इंधन' ही कादंबरी १९६५ सालची. 'इंधन'मध्ये कोकणातलं एक गाव आहे. तिथला मुसलमान समाज त्यांनी सोवळा करून दाखवला नाही की खलनायकही केला नाही. ज्याने ते घर आतून पाहिलंय त्यालाच असं लिहिता येतं. मी मुलींना सांगतो, नाव बदला, गाव बदला, धंदा बदला. पण वागणं बदलू नका. ज्याच्यावर लिहिलं तो रागावला तर चालेल, "हे खोटं आहे" असं मात्र त्याला म्हणता येऊ नये.

भाषेचंही तसंच. घरात दखनी, बाजारात मराठी आणि पुस्तकात तिसरंच, अशा घरातली एक विद्यार्थिनी लिहिते, "अम्मी म्हणाली, बाळा, जेवून जा." अम्मी असं कधीच बोलत नाही. ती म्हणते, "खाना खाको जा." तसंच लिहावं. मराठी वाचकाला ते समजतं, अर्थ सांगत बसायला नको. अण्णाभाऊ साठे दीड दिवसच शाळेत गेले होते, आणि १९५९ साली त्यांच्या 'फकिरा'तून वारणाकाठ मराठीत आला. आपली बोली ही उणीव समजणाऱ्याने ही कादंबरी जरूर वाचावी.

तेव्हा श्रोतेहो, नवी कथा सुचत नाही म्हणून खिन्न होऊ नका. आज रात्री जेवणं उरकल्यावर एखादी परत आलेली जुनी कथा कपाटातून काढा. ती मोठ्याने वाचा. खरी सुरुवात कुठे होते ते शोधा आणि त्याच्या वरचं सगळं खोडा. शेवटी तात्पर्य लिहिलं असेल तर तेही खोडा. उरेल त्याखाली एकच नवं वाक्य लिहा आणि झोपा. उद्या त्याच्या पुढचं वाक्य सुचलं, तर उमेद कशी टिकवायची हे मला विचारायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)