कर्मवीर भाऊराव पाटील : एक प्रपंची माणूस



प्रपंच आणि लोकसेवा हीं दोन निराळीं दालनें आहेत, आणि एकांत शिरावयाचें तर दुसऱ्याचें दार लावून घ्यावें लागतें, असा आपल्याकडे समज आहे. साताऱ्याच्या भाऊराव पाटलांनीं हें दार कधीं लावलेंच नाहीं. शिक्षणसंस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचें स्मरण होतें. तें एका अफाट कुटुंबाचे कर्ते पुरुष म्हणूनही व्हावयास हवें.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजीं कुंभोज येथें एका जैन कुटुंबांत झाला. वडील पायगोंडा सरकारी नोकरींत होते; चिरंजिवांनीं मात्र मॅट्रिकचा उंबरठा ओलांडला नाहीं. कोल्हापुरांत शिकत असतां ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर शुद्धीचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, आणि स्वतःच्या वसतिगृहांतील जागा गमावली. पुढें साताऱ्यांत त्यांनीं शिकवण्या केल्या, आणि किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठीं ते खेडोपाडीं हिंडले. शेतकऱ्याच्या घरचें दारिद्र्य आणि त्याच्या मुलांचें अज्ञान हीं एकाच दोराचीं दोन टोकें आहेत, हें या भटकंतींत त्यांनीं जवळून पाहिलें. १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्थेचा आरंभ झाला. १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह निघालें.

येथून पाटलांचा संसार वाढूं लागला. मराठा, महार, मुसलमान, जैन अशीं नाना जातिधर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसत. त्यांच्या जेवणाखाण्याचा भार वाहिला तो पत्नी लक्ष्मीबाईंनीं. त्या सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या. पतीचा विचार सभेंत टाळ्या मिळवून जाई. तो त्यांना रोज चुलीपाशीं बसून आचरावा लागे. आजन्म पाळलेला आचार सोडणें हें व्याख्यान देण्याइतकें सोपें नसतें. त्यांनीं तो सोडला, आणि परक्यांचीं मुलें आपलीं मानलीं. दुखणेंबाणें आलें तर उशाशीं बसावयास त्याच असत.

पैसा मात्र पुरत नसे. एकेक करून लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, आणि अखेर मुलांच्या पोटासाठीं सौभाग्याचें लेणें, मंगळसूत्रही गेलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें वसतिगृहास श्रीछत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. हा सन्मान लक्ष्मीबाईंनीं पाहिला. परंतु १९३० सालीं त्या निवर्तल्या, आणि पुढचा विस्तार त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं.

भाऊरावांच्या थोरवीचा हिशेब मांडतांना हें देणें विसरतां येत नाहीं. घरधन्यानें उदार व्हावें आणि त्या औदार्याची झळ घरधनिणीनें सोसावी, हें आपल्या समाजांत फार वेळां घडलें आहे. येथें निराळें इतकेंच कीं, ती झळ सोसणारी स्त्री त्या कार्याची दुसरी संस्थापकच होती.

पत्नीच्या पश्चात् भाऊराव खचले नाहींत. स्वावलंबन हें त्यांचें ब्रीद होतें. मुलांनीं शेतांत राबावें, आपलें काम आपण करावें, आणि श्रमाच्या भाकरीवर ताठ मानेनें शिकावें, ही त्यांची शिस्त होती. १९३५ सालीं शिक्षकांसाठीं अध्यापन विद्यालय निघालें; १९४७ सालीं साताऱ्यांत छत्रपति शिवाजी महाविद्यालय उभें राहिलें. मॅट्रिक न झालेल्या या गृहस्थास पुणें विद्यापीठानें १९५९ सालीं डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच वर्षीं, ९ मे रोजीं, त्यांचें देहावसान झालें.

त्यांना सारे ‘अण्णा’ म्हणत. कर्मवीर ही पदवी लोकांनीं गौरवानें दिली. अण्णा हें नांव मात्र घरांतलें. ज्यांना स्वतःचें घर दूर सोडून शिकावयास यावें लागलें, त्या हजारों मुलांनीं तें उच्चारलें, यांतच त्या संसाराचें सार्थक आहे.